नकाशा-सॉफ्टवेअरचे स्थित्यंतर : सोलोथर्न कॅन्टनच्या अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शासकीय कार्यालयातील नकाशा हे केवळ चित्र नसते. जमिनीची हद्द, जलवाहिनी, रस्ता आणि वनक्षेत्र यांविषयीचा तो अधिकृत दस्तऐवज असतो. जपून ठेवलेला कागदी नकाशा शंभर वर्षांनीही उलगडून वाचता येतो. संगणकीय नकाशा मात्र ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाला, त्याच्या परवान्यावर व आवृत्तीवर अवलंबून राहू शकतो. मालकीहक्काधीन सॉफ्टवेअरकडून मुक्त स्रोत सॉफ्टवेअरकडे वळताना सार्वजनिक संस्थेच्या हाती नेमके काय उरते, याचा विचार प्रस्तुत लेखात स्वित्झर्लंडमधील सोलोथर्न कॅन्टनच्या उदाहरणावरून केला आहे.

पार्श्वभूमी

भौगोलिक माहिती प्रणालीच्या, म्हणजेच जीआयएसच्या इतिहासात १९८२ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. याच वर्षी एस्री या अमेरिकन कंपनीचे आर्क-इन्फो बाजारात आले आणि अमेरिकन लष्कराच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेत ग्रास या सॉफ्टवेअरच्या निर्मितीस प्रारंभ झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यास प्रयोगशाळेने ग्रासमधून अंग काढून घेतले. परंतु त्याचा आज्ञासंच सर्वांसाठी खुला असल्याने विद्यापीठांतील अभ्यासकांनी काम पुढे चालविले व १९९९ मध्ये ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणले. निर्मात्याने सोडून दिलेले सॉफ्टवेअरही वापरकर्त्यांच्या बळावर जगू शकते, हे यातून सिद्ध झाले. पुढे २००१ मध्ये पोस्टजीआयएस व २००२ मध्ये क्यूजीआयएस यांचा आरंभ झाला.

सोलोथर्नचा निर्णय

आरे नदीकाठचा सोलोथर्न हा सुमारे ७९० चौरस किलोमीटर क्षेत्राचा जर्मनभाषक कॅन्टन होय. २००१ मध्ये तेथील प्रशासनाने लिनक्स स्वीकारण्याचे धोरण आखले. त्या काळातील प्रमुख व्यापारी डेस्कटॉप जीआयएस विंडोजसाठीच घडविलेले होते. त्यामुळे नकाशा विभागालाही पर्याय शोधणे भाग पडले. माहिती साठविण्यासाठी पोस्टजीआयएस, संकेतस्थळावर नकाशे दाखविण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठात जन्मलेले मॅपसर्व्हर आणि कर्मचाऱ्यांच्या संगणकावर क्यूजीआयएस, अशी रचना तेथे टप्प्याटप्प्याने उभी राहिली.

स्वित्झर्लंडमधील एक जुनी तरतूद या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. कोणत्याही एका सॉफ्टवेअरशी न बांधलेली इंटरलिस ही माहितीवर्णनाची भाषा तेथे १९९१ पासून उपलब्ध होती व भूमापनाची अधिकृत माहिती तिच्याद्वारे देवाणघेवाणीस योग्य केली जात होती. माहितीचे स्वरूप विक्रेत्याने नव्हे, तर शासनाने ठरवावे, हे तत्त्व सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वीच रुजलेले होते.

दोन स्थित्यंतरे, दोन परिणाम

कॅन्टनचा व्यापक लिनक्स-प्रयोग मात्र टिकला नाही. कर्मचाऱ्यांची नाराजी व काही प्रशासकीय अनुप्रयोगांच्या अडचणी यांमुळे २०१० मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय झाला. तरीही मुक्त स्रोत जीआयएस कायम राहिले. क्यूजीआयएस दोन्ही कार्यप्रणालींवर चालत असल्याने आणि माहिती पोस्टजीआयएसमध्ये सुरक्षित असल्याने संगणकाचा पाया बदलूनही नकाशे अबाधित राहिले. पुढे कॅन्टनने क्यूजीआयएसच्या विकासास आर्थिक साहाय्यही केले.

यावरून परवाना-शुल्काची बचत हे स्थित्यंतराचे एकमेव प्रयोजन मानता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळाले, तरी प्रशिक्षण, जुन्या माहितीचे रूपांतर व देखभाल यांचा खर्च राहतोच. फरक इतकाच, की तो पैसा परवान्याऐवजी माणसांच्या कौशल्यावर खर्च होतो व ते कौशल्य संस्थेजवळ राहते. उलट, प्रशिक्षणाविना केवळ शुल्क टाळण्यासाठी केलेला बदल कर्मचाऱ्यांवर लादला जातो आणि सोलोथर्नच्या लिनक्सप्रमाणे माघारीची वेळ येऊ शकते.

समारोप

भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. या पार्श्वभूमीवर भूगोल, इतिहास व पर्यावरणशास्त्र शिकविणाऱ्या महाविद्यालयांनाही हा अनुभव मार्गदर्शक ठरावा. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, या प्रश्नाआधी आपली माहिती कोणत्या स्वरूपात जतन होणार आणि ती हाताळणारी माणसे कोण घडविणार, हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. सॉफ्टवेअर बदलत राहील. नकाशातील नोंद मात्र पुढच्या पिढीला वाचता आली पाहिजे.