बिसाया मागासिन

बिसाया मागासिन : फिलिपिन्समधील सेबुआनो भाषेचे सर्वांत दीर्घायुषी नियतकालिक. स्थापना १५ ऑगस्ट १९३०. कथा, कविता, क्रमशः कादंबऱ्या, चित्रकथा, वार्तालेख आणि सिनेसृष्टीच्या बातम्या अशा भरगच्च मजकुराचे हे साप्ताहिक घराघरांत पोहोचले. सेबुआनो बोलणारे लोक आपल्या भाषेला सहसा ‘बिसाया’च म्हणतात. साप्ताहिकाने भाषेचे तेच नाव आपल्या मुखपृष्ठावर मिरवले.

ही भाषा सेबू आणि बोहोल बेटांची, नेग्रोसच्या पूर्व आणि लेतेच्या पश्चिम भागाची आणि मिंदानाओच्या मोठ्या प्रदेशाची. ती बोलणाऱ्यांची संख्या कोटींमध्ये आहे. तिचे हे मुखपत्र मात्र सेबूत नव्हे, तागालोग भाषेच्या मुलखात, मनिलात निघाले. त्याचे कारण व्यवसायात आहे. प्रकाशक रामोन रोसेस यांनी १९२२ मध्ये तीन भाषांतले एक सचित्र पत्र काढून पाहिले. ते चालले नाही, तेव्हा त्याच वर्षी त्यांनी निव्वळ तागालोगमधले ‘लिवायवाय’ काढले आणि त्यावर वाचकांच्या उड्या पडल्या. लोकांना आपल्याच भाषेत वाचायचे आहे, हे रोसेस यांनी त्यातून ओळखले. १९३० मध्ये ‘बिसाया’ आले आणि १९३४ मध्ये ‘हिलिगायनोन’ व इलोकानो भाषेतील ‘बान्नावाग’ ही भावंडे. ‘लिवायवाय’ आणि ‘बान्नावाग’ या दोन्ही शब्दांचा अर्थ पहाट.

एका छत्राखाली असल्यामुळे या पत्रांत देवाणघेवाणही होत असे. ‘लिवायवाय’मधून १९२९ मध्ये अवतरलेला, केस चापूनचोपून बसवणारा नखरेल केनकोय हा चित्रकथानायक भाषांतरित होऊन सेबुआनो वाचकांनाही भेटला.

पहिले संपादक विसेंते पाद्रिगा. सेबूत त्याआधीही सेबुआनो पत्रकारिता जोमात होती. विसेंते सोत्तो यांचे ‘आंग सुगा’ आणि विसेंते रामा यांचे ‘बाग-ओंग कुसोग’ ही त्यातली मानाची नावे. ‘बाग-ओंग कुसोग’ दुसऱ्या महायुद्धाच्या लाटेत बंद पडले. ‘बिसाया’चेही प्रकाशन युद्धकाळात थांबले होते, परंतु ते पुन्हा उभे राहिले.

१९३७ या वर्षाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. कारकार गावच्या मार्सेल नावारा (१९१४–१९८४) यांची ‘उग गिआनोद आको’ ही कथा त्या वर्षी ‘बिसाया’च्या कथास्पर्धेत पहिली आली. शीर्षकाचा अर्थ ‘आणि मी वाहून गेलो’. प्रणयरम्य योगायोग आणि नीतिबोध यांत रमलेल्या सेबुआनो कथेला येथे नवे वळण मिळाले. आधुनिक सेबुआनो कथेचे जनकत्व नावारांकडे दिले जाते ते यामुळेच. त्याच वर्षी ३० डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष मानुएल केसोन यांनी राष्ट्रभाषेचा पाया म्हणून तागालोगची घोषणा केली. एका भाषेची कथा वयात येत होती आणि नेमका त्याच सुमारास राज्यव्यवहारातला मान दुसरीकडे चालला होता.

‘बिसाया’चे मोल या पार्श्वभूमीवर जोखावे लागते. अमेरिकी राजवटीपासून शाळा इंग्रजीत चालल्या, पुढे इंग्रजीच्या जोडीला तागालोगवर आधारलेली राष्ट्रभाषा आली. सेबुआनो मुलाला स्वतःच्या भाषेचे व्याकरण कोणी शिकवत नव्हते, तिच्यातल्या कथा-कविता पाठ्यपुस्तकात भेटत नव्हत्या. अशा वेळी साप्ताहिक हीच शाळा ठरली. उच्चाराचेच पाहा : सेबू शहरात बोलताना ‘ल’ गळतो, घराला ‘बालाय’ऐवजी ‘बाय’ म्हणतात, ‘नाही’साठीचा ‘वाला’ हा शब्द ‘वा’ एवढाच उरतो. छापील ‘बिसाया’ने पूर्ण रूपे जपली. बेटाबेटांवरच्या बोलींना लेखनात एकत्र आणणारा हा धागा कोणत्याही सरकारी हुकमाने विणलेला नव्हता.

१९५० च्या दशकात ‘लुदाबी’ ही सेबुआनो लेखकांची संघटना उभी राहिली, त्यानंतर ‘बाथालाद’. लेखकांच्या या पिढ्यांना छापून येण्याचे हमखास ठिकाण म्हणजे ‘बिसाया’. ग्रंथप्रकाशन दुबळे असल्याने सेबुआनो साहित्याचा फार मोठा भाग नियतकालिकांतच राहिला. आठवड्याआठवड्याला वाचकांनी वाट पाहून वाचलेल्या कितीतरी कादंबऱ्यांना पुस्तकाची बांधणी कधी लाभलीच नाही. ही हानी हळहळ वाटावी अशीच आहे. रद्दीत गेलेला अंक म्हणजे येथे हरवलेले प्रकरण.

रोसेस यांच्यानंतर मालकी प्रकाशक हान्स मेन्झी यांच्याकडे आणि पुढे ‘मनिला बुलेटिन’ या दैनिकाच्या प्रकाशनसंस्थेकडे आली. शाळांतले चित्रही काही काळ बदलले : २०१२ पासून शाळेच्या पहिल्या इयत्तांत मातृभाषेतून शिक्षण देशभर सुरू झाले आणि सेबुआनो वर्गात पोहोचली. २०२४ च्या कायद्याने मात्र त्याची सक्ती उठवली.

जुन्या अंकांचे महत्त्व ओळखणाऱ्यांत सेबूतील सान कार्लोस विद्यापीठाचे सेबुआनो अध्ययन केंद्र अग्रभागी आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राचे पहिले संचालक रेसिल मोहारेस यांनी त्याच वर्षी सेबुआनो साहित्याचा आढावा, लेखकांची चरित्रे आणि साहित्याची शोधसूची एकत्र प्रसिद्ध केली. नियतकालिकांच्या पानांत विखुरलेल्या लेखनापर्यंत पोहोचण्याची वाट त्या सूचीने अभ्यासकांना दाखवली.