अक्षरसंकेतन, देवनागरी

देवनागरी लिपीतील मजकूर संगणकात साठविता यावा, म्हणून तिच्यातील प्रत्येक वर्णास वा चिन्हास ठराविक संख्या नेमून देण्याच्या व्यवस्थेस देवनागरी अक्षरसंकेतन म्हणतात. या संख्येस संकेतांक, तर संकेतांकांवरून पडद्यावर वा कागदावर उमटणाऱ्या आकृतींच्या संचास टंक किंवा फॉन्ट अशी संज्ञा आहे. वर्ण कोणता हे संकेतांकावरून ठरते. तो कसा दिसावा हे टंक ठरवितो. या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे आता उघड वाटत असले, तरी देवनागरीच्या बाबतीत त्यांची फारकत व्यवहारात रुजण्यास दीर्घकाळ लागला. दरम्यानच्या काळात संगणकावर उतरविलेल्या मराठी मजकुराचा मोठा भाग विशिष्ट टंकांशी जखडला गेला.

अमेरिकेत १९६३ साली प्रसिद्ध झालेले व १९६७ साली सुधारलेले ‘ॲस्की’ हे मानक सात बिटांचे असून त्यात १२८ संकेतांक आहेत. त्यांपैकी ३३ नियंत्रणासाठी राखीव असल्याने रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे व रिकामी जागा यांना ९५ संकेतांक मिळतात. आठ बिटांच्या बाइटमुळे आणखी १२८ स्थाने उपलब्ध होतात. यूरोपात ती स्वराघातचिन्हे असलेल्या अक्षरांनी भरून काढण्यात आली. देवनागरीलाही प्रथम याच उर्वरित जागेत आपली सोय पाहावी लागली.

ती पाहण्याचे दोन मार्ग होते आणि दोहोंनाही जुनी परंपरा होती. पहिला मार्ग खिळ्यांचा. मुंबईकडील डिग्री पद्धतीच्या छपाईत मूळ अक्षर आणि त्याच्या वरच्या व खालच्या मात्रा-उकारांचे खिळे वेगळे पाडलेले असत. जुळारी ते एकमेकांवर बसवून अक्षर सिद्ध करी. त्याला अक्षराच्या उच्चाराशी कर्तव्य नसे. कोणता तुकडा कोठे बसतो, एवढेच पुरे होई. मराठी टंकलेखनयंत्राची रचनाही याच विचारावर आधारलेली होती. दुसरा मार्ग वर्णमालेचा. त्यानुसार ‘कि’ या अक्षरात आधी ‘क’ व मागाहून इकार येतो, मग डोळ्यांना वेलांटी डावीकडे दिसली तरी चालेल.

‘इस्की’ या भारतीय मानकाने दुसरा मार्ग पत्करला. कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधन व केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने चालविलेले प्रयत्न यांतून १९८८ साली त्याची एक आवृत्ती निघाली. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ते ‘आयएस १३१९४’ या क्रमांकाने स्वीकारले. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांची वर्णव्यवस्था मूलतः एकच असल्याने त्यांतील समान वर्णांस एकच संकेतांक द्यावा, ही त्यामागील कल्पना निःसंशय मार्मिक होती. ‘म’ देवनागरीत असो वा बंगालीत, त्याचा संकेतांक २०४ हाच राही. जोडाक्षरांना स्वतंत्र स्थाने नव्हती. हलन्त चिन्हाने ती साधली जात. पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राने (स्थापना १९८८) ‘जिस्ट’ या तंत्राद्वारे त्याचा प्रसार केला. तथापि वर्णांच्या ओळीवरून अक्षरांची आकृती घडविण्याचे काम संगणकातील कोणी तरी करावे लागे. त्यासाठी प्रारंभी वेगळे कार्ड बसवावे लागे, आणि त्या काळच्या विंडोज प्रणालीस इस्कीची अंगभूत ओळख नव्हती.

याच्या उलट टंक ही केवळ एक फाइल होती. ती संगणकात उतरविली की काम भागे. म्हणून १९९० नंतरच्या दशकात छापखाने, वृत्तपत्रे व कार्यालये यांनी पहिला मार्ग धरला. रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी खिळ्यांचे आकार बसविलेले टंक तयार झाले. संगणकाच्या लेखी तो मजकूर म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांची रांग असे. योग्य टंक लावताच पडद्यावर शुद्ध मराठी दिसे. प्रत्येक उत्पादकाचा तक्ता निराळा होता. त्यामुळे टंक बदलताच मजकुराचा अर्थ नाहीसा होई. वेलांटी व्यंजनाच्या आधी, तर ‘धर्म’ मधील रफार ‘म’ च्या नंतर साठविला जाई. बरीच अक्षरे अर्धे अक्षर व काना अशी जोडून बनत. परिणामी शब्द शोधणे किंवा अकारविल्हे लावणे दुरापास्त झाले. असा मजकूर वाचण्यासाठी आजही त्या त्या टंकाचा तक्ता हाताशी ठेवून रूपांतर करावे लागते. या टंकांना दोष देणे सोपे आहे. पण तत्कालीन मराठी ग्रंथव्यवहार त्यांनीच चालविला, हेही नमूद केले पाहिजे.

जगातील सर्व लिप्यांसाठी एकच संकेतन असावे, या हेतूने आखलेल्या ‘युनिकोड’ ची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्कीवर आधारलेला असून त्यास २३०४ ते २४३१ हे संकेतांक दिलेले आहेत. हे मोठे संकेतांक बाइटांत कसे मांडावे, याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी ‘यूटीएफ-८’ ही पद्धत केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये सिद्ध केली. तीत ॲस्कीचा मजकूर जसाच्या तसा राहतो, तर देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकास तीन बाइट लागतात. २००० सालच्या विंडोज आवृत्तीत देवनागरीची जुळणी करणारी यंत्रणा व र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा टंक अंतर्भूत झाला. जुळाऱ्याचे काम तेव्हापासून प्रणालीकडे गेले.

मराठीचे काही प्रश्न त्यानंतरही उरले. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे भिन्न शब्द होत. दुसऱ्यातील अर्धा र दोन प्रकारे साठविता येतो : नुक्तायुक्त ‘ऱ’ घेऊन, किंवा साध्या ‘र’ नंतर हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसावयास दोन्ही सारखे. परंतु एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडेलच असे नाही. ‘ॲ’ या स्वरास २००८ पर्यंत स्वतंत्र संकेतांक नव्हता; ‘अ’ वर चंद्र देऊन तो लिहीत. ‘ळ’ चा संकेतांक ‘ल’ च्या पाठोपाठ येतो, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’ नंतर. म्हणून मराठी कोशाचा क्रम लावण्यासाठी वेगळा नियम द्यावा लागतो.

मजकूर-संपादक या प्रकारच्या आज्ञावलीत संकेतन व टंक यांची निवड स्वतंत्रपणे करता येते, आणि गोंधळ बहुधा येथेच होतो. साध्या मजकुराच्या फाइलीत केवळ बाइट असतात. ते कोणत्या पद्धतीने वाचावे, हे फाइलीत सहसा लिहिलेले नसते, संपादक त्याचा अंदाज करतो. ‘म’ चा संकेतांक २३५० असून यूटीएफ-८ मध्ये त्याचे २२४, १६४ व १७४ असे तीन बाइट होतात. पश्चिम यूरोपीय संकेतनाने ते वाचल्यास स्वराघातयुक्त रोमन अक्षर, चलनाचे चिन्ह व नोंदणीचिन्ह अशी त्रयी दिसते. मराठी पानाच्या जागी अशा त्रयींची रांग आल्यास संकेतन चुकले, असे समजावे. टंक बदलून उपयोग नाही. रिकामे चौकोन दिसल्यास दोष टंकाचा असतो. या दोन्ही प्रसंगी मजकूर अबाधित असतो. प्रश्नचिन्हांची गोष्ट वेगळी. देवनागरीस जागा नसलेल्या संकेतनात फाइल जतन केली, की प्रत्येक वर्णाच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले जाते आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. विंडोजमधील ‘नोटपॅड’ या संपादकात नव्या फाइलींसाठी यूटीएफ-८ हे पूर्वनियोजित संकेतन झाले ते २०१९ मध्ये. जपानमध्ये विकसित झालेली बहुभाषी यंत्रणा ‘ईमॅक्स’ या संपादकात १९९७ साली समाविष्ट झाली होती. त्यात फाइलीच्या पहिल्या ओळीतच संकेतनाचे नाव लिहून ठेवता येते. आज्ञावली लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही संपादकांत प्रत्येक अक्षरास समान रुंदीचे घर असते. तेथे संकेतन व टंक दोन्ही बरोबर असूनही जोडाक्षरे फुटतात.

टंकनिवडीचा आणखी एक पैलू मराठीपुरता आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही रूपे मान्य केली. हिंदीतील रूपे वेगळी असली, तरी त्यांचे संकेतांक तेच आहेत. १९९६ साली घोषित झालेल्या ‘ओपनटाइप’ या टंकप्रकारात एकाच टंकात दोन्ही रूपे ठेवून मजकुराच्या भाषेनुसार योग्य ते निवडण्याची सोय आहे. मात्र त्यासाठी मजकुराची भाषा मराठी आहे, असे संपादकास कळवावे लागते. तसे न केल्यास अनेक टंकांत हिंदी वळणाचा ‘ल’ उमटतो.