फिलाडेल्फियाचं स्वयंवर

‘स्वयंवर’ हा शब्द आपल्याला फार प्रिय. पण आपल्या जुन्या कथांतली स्वयंवरं नीट पाहिली, तर तिथं वधूच्या मनापेक्षा पणालाच मोल अधिक दिसतं. धनुष्याला प्रत्यंचा चढवायची की मत्स्यभेद करायचा, हे पित्यानं ठरवायचं. मुलीनं फक्त वरमाला घेऊन उभं राहायचं.

अमेरिकेतल्या एका स्वयंवराची गोष्ट याहून वेगळी आहे. जॉर्ज क्यूकर दिग्दर्शित ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ हा चित्रपट १९४० सालचा. ट्रेसी लॉर्ड ही धनवान घराण्यातली घटस्फोटिता. तिचं दुसरं लग्न उद्यावर आलेलं. नियोजित वर जॉर्ज, कोळसा कंपनीत खालच्या पायरीवरून वर चढलेला. तेवढ्यात पहिला नवरा डेक्स्टर दारात हजर! सोबत माइक नावाचा वार्ताहर. एका रात्रीत शॅम्पेनचे पेले रिकामे होतात, माइक आणि ट्रेसी एकमेकांकडे ओढले जातात. सकाळी जॉर्ज संशय घेतो आणि ते लग्न मोडतं. माइक मागणी घालतो, त्याला ती नकार देते; आणि खोळंबलेल्या पाहुण्यांसमोर पुन्हा डेक्स्टरशीच लग्न लावते.

त्या काळी हॉलिवूडवर सेन्सॉरसंहितेचा कडक पहारा होता. विवाहबाह्य प्रेम पडद्यावर रंगवणं अवघड. म्हणून लेखकांनी पळवाट काढली : जोडप्याचा आधी घटस्फोट दाखवायचा, मग बाईला मोकळेपणी इतरांकडे पाहता येतं, आणि शेवटी पहिल्याशीच पुनर्विवाह. असे बरेच चित्रपट त्या काळात निघाले.

खरं नाट्य मात्र पडद्यामागं घडलं. १९३८ मध्ये चित्रपटगृहांच्या मालकांच्या एका संघटनेनं जाहिरात देऊन काही नामवंत तारकांना ‘तिकीटबारीवरचं विष’ ठरवलं. त्यांत कॅथरिन हेपबर्न होती. ती रंगभूमीवर परतली. फिलिप बॅरीनं तिला डोळ्यांपुढं ठेवून हे नाटक लिहिलं होतं. तिनं त्यात स्वतःचे पैसे घातले, पगाराऐवजी उत्पन्नातला वाटा घेतला. १९३९ मध्ये ब्रॉडवेवर आलेलं हे नाटक चारशेहून अधिक प्रयोग चाललं. चित्रपटाचे हक्क हॉवर्ड ह्यूजनं तिच्यासाठी विकत घेतले होते. एमजीएमनं ते मागितले, तेव्हा तिची अट होती : नायिका मीच, आणि दिग्दर्शक माझ्या पसंतीचा. नायक म्हणून तिला क्लार्क गेबल आणि स्पेन्सर ट्रेसी हवे होते. मिळाले कॅरी ग्रँट आणि जेम्स स्टुअर्ट. स्टुअर्टला ऑस्कर मिळालं. तिला फक्त नामांकन.

एक गोष्ट मात्र आज खुपते. पहिल्याच दृश्यात डेक्स्टर ट्रेसीच्या तोंडावर हात ठेवून तिला खाली पाडतो, आणि प्रेक्षकांनी हसावं अशी अपेक्षा असते. बापाचं एका नर्तिकेशी प्रकरण, आणि दोष मात्र लेकीच्या थंडपणाला! तिघांपैकी एकाला निवडण्याआधी तिनं आपला ताठा सोडायचा, हा या स्वयंवरातला पण.

पडद्यावर नमणारी ही नायिका साकारणारी बाई प्रत्यक्षात स्टुडिओपुढं ताठ उभी राहिली होती. कदाचित तिनं ओळखलं असेल की मानी बाईला जरा वाकताना पाहिल्याशिवाय प्रेक्षक तिला परत घेणार नाहीत. प्रेक्षकांनी तिला परत घेतलं. मात्र हिशेबाची वही तिनं स्वतःच्या हाती ठेवली होती.