तीन किलोंचा इतिहास

परवा म्युनिकहून भाच्याची मेल आली. सोबत फोटो. एका हातात जुना सायलेन्सर, दुसऱ्या हातात नवा. "मामा, तीन किलो हलका!" त्याच्याकडे यामाहाची टीमॅक्स आहे. तिला स्कूटर म्हणायचं एवढंच; वजन दोनशे किलोंच्या वर.

आमच्या पिढीला सायलेन्सर 'बदलतात' हे ठाऊकच नव्हतं. बजाज चेतकचं (1972 ची ती) पेट्रोल ऑइल घालूनच भरायचं, मग सायलेन्सरमध्ये काजळी धरायची आणि चढावर गाडी रडायची. मेकॅनिक तो काढून विस्तवावर भाजायचा, ठोकून काजळी पाडायचा, परत बसवायचा. गाडी ताजीतवानी! असो.

ही हलकेपणाची हौस आली शर्यतींतून. इगोर अक्रापोविच हा स्लोव्हेनियाचा मोटारसायकल शर्यतपटू. 1990 मध्ये, म्हणजे देश युगोस्लाव्हियातून फुटून निघण्याच्या आदल्या वर्षी, त्याने एक्झॉस्ट बनवायचा कारखाना काढला. नाव ठेवलं 'स्कॉर्पियन'. 1997 मध्ये ते बदलून स्वतःचं आडनाव दिलं. जेमतेम वीस लाख वस्तीच्या देशातले हे पाइप जपानी गाड्यांच्या शर्यत-संघांनी घेतले, आणि 2000 साली ते लावलेल्या होंडावर कॉलिन एडवर्ड्स सुपरबाइकचा जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षी टीमॅक्स बाजारात आली. शर्यतीतली चीज मग ऑफिसला जाणाऱ्यांच्या स्कूटरलाही लागू लागली.

गुपित टायटॅनियमचं. एक घनसेंटिमीटर पोलाद पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, टायटॅनियम साडेचार. शिवाय ते उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे पत्रा पातळ ठेवता येतो.

पण कंपनीचा सायलेन्सर जड असतो तो काही उगीच नाही. आत कप्पे असतात, आवाज त्यांत फिरून फिरून दमतो. 2006 च्या युरो 3 नियमांनंतर तर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही बहुतेक गाड्यांत आला. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या महागड्या धातूंचा लेप असतो. नव्या हलक्या सायलेन्सरमध्ये बहुधा भोकं पाडलेली एक सरळ नळी आणि भोवती काचेची लोकर. पुढचा पाइपही बदलला तर बऱ्याचदा कन्व्हर्टरच निघून जातो. शर्यतीत चालतं, गल्लीत वरच्या मजल्यावर तान्हं मूल झोपलेलं असतं. आपल्याकडे तर पोलीस असले जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात.

त्याला लिहिलं, तीन किलो तर तुझ्या पोटावरूनही उतरले असते. आणि जुना भंगारात घालू नकोस, दर दोन वर्षांनी तिथे गाडीची तपासणी असते.

उत्तर आलं. जुना तळघरात जपून ठेवलाय. खालच्या मजल्यावरच्या आजींनी तक्रार केली, म्हणून रोज सकाळी तो गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेतो आणि तिथे सुरू करतो.