गुरूची पायरी कशानें ठरवावी?

शिष्याच्या यशावरून गुरूची परीक्षा करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. द्रोणाचार्यांचें नांव निघालें कीं अर्जुनाचा लक्ष्यवेध आठवतो. त्याच शाळेंत शिकून साधारण धनुर्धर राहिलेल्या राजपुत्रांची संख्या मात्र कोणी मोजीत नाहीं. खेळाच्या प्रांतांत हीच चाल आतां आंकड्यांचा पोषाख घालून आली आहे. महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांची, हंगामाअखेरच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेंतील यशावरून, एकाखालीं एक अशी उतरंड रचणें हा अमेरिकेंतील क्रीडारसिकांचा आवडता उद्योग आहे. आपल्याकडेही रणजी करंडकाच्या संबंधानें असाच हिशेब मांडला जाऊं लागला आहे. हा हिशेब कितपत खरा मानावा, याचा विचार करण्यास विदर्भाच्या अलीकडच्या इतिहासाइतकें चांगलें साधन दुसरें नाहीं.

प्रथम अमेरिकेचीच गोष्ट पाहूं. ज्या जेम्स नेस्मिथ यांनीं १८९१ सालीं स्प्रिंगफील्ड येथील व्यायामशाळेंत पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला अडकवून हा खेळ निर्माण केला, ते पुढें कॅन्सस विद्यापीठांत शिकवूं लागले. त्यांच्या हाताखालीं तेथील संघानें ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. जय थोडे व पराजय अधिक असा जमाखर्च त्या विद्यापीठाच्या इतिहासांत एकट्या नेस्मिथ यांच्याच नांवावर आहे! त्यांचेच शिष्य फॉग ॲलन यांनीं १९५२ सालीं त्या विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलें. उतरंडींत शिष्य वर आणि खेळाचा जनक तळाशीं, असा हा प्रकार आहे.

जॉन वुडन यांची कथा याहून बोधप्रद आहे. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या संघाचें काम त्यांनीं १९४८ सालीं हातीं घेतलें. पहिलें राष्ट्रीय विजेतेपद त्यांस मिळालें तें १९६४ सालीं. त्यानंतर १९७५ पर्यंतच्या बारा वर्षांत त्यांनीं दहा विजेतेपदें मिळविलीं, त्यांपैकीं सात ओळीनें. आज उतरंड कशीही रचा, वुडन शिखराजवळच असतात. पण तीच १९६३ सालीं रचली असती, तर त्यांचें नांव शोधूनही सांपडलें नसतें. पंधरा वर्षें तोच मनुष्य, तीच शिस्त, तेंच अध्यापन. फळ मात्र पदरीं नव्हतें. मशागतीचीं वर्षें या हिशेबांत कोठेंच धरलेलीं नसतात, हा त्यांतला पहिला दोष होय.

आतां आपल्या घराकडे वळूं. गोंदिया हें गांव अशा ठिकाणीं वसलेलें आहे कीं, पश्चिमेस जाणारी गाडी धरली तर नागपूर लागतें आणि उत्तरेस सीमा ओलांडली तर मध्य प्रदेशांतील बालाघाट. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख एकाच प्रांतांत नांदत होता, आणि रणजी करंडकाच्या आरंभींच्या काळांत मध्यप्रांत व वऱ्हाड या नांवाचा एकच संघ मैदानांत उतरत असे. या भूमीनें गुणी माणूस दिला नाहीं असें नव्हे. हिंदुस्थानचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू १८९५ सालीं नागपुरांतच जन्मले. परंतु त्यांच्या नेतृत्वाचें फळ इंदूरच्या होळकर संघास मिळालें. त्या संघानें १९४५-४६ ते १९५२-५३ या काळांत चार वेळां करंडक जिंकला. विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८ सालीं खेळूं लागला, आणि तेथपासून साठ वर्षें त्यास अंतिम सामन्याचें दर्शनही घडलें नाहीं.

अशा संघाकडे २०१७ सालीं चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. पंडित हे मुंबईचे. पांच कसोटी सामने खेळलेले यष्टिरक्षक. प्रशिक्षक या नात्यानें मुंबईला त्यांनीं २००२-०३, २००३-०४ व २०१५-१६ असा तीनदां करंडक मिळवून दिला होता. पुढच्याच वर्षीं अंतिम सामन्यांत गुजरातनें मुंबईचा पराभव केला, आणि नंतरच्या हंगामासाठीं मुंबईनें दुसरा प्रशिक्षक नेमला. बारा महिन्यांपूर्वींचा विजेता एका सामन्यानें परका झाला. तो परका विदर्भानें आपला केला.

पुढें जें घडलें तें वाचकांच्या स्मरणांत असेल. उपांत्य सामना कोलकात्यास कर्नाटकाशीं झाला. जिंकण्यासाठीं १९८ धावा हव्या असतां कर्नाटकाचा डाव १९२ वर आटोपला. रजनीश गुरबानी यानें त्या डावांत सात गडी बाद केले. इंदुरास दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यांत गुरबानीनें हॅटट्रिक साधली, अक्षय वाडकरनें शतक ठोकलें, आणि १ जानेवारी २०१८ रोजीं फैज फजलच्या संघानें नऊ गडी राखून करंडक उचलला. पुढल्या वर्षीं नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राचा ७८ धावांनीं पराभव करून तो राखला. त्या सामन्यांत आदित्य सरवटेनें अकरा गडी बाद केले.

येथें क्षणभर थांबून कोलकात्याचा तो सामना पुन्हां पहावा. कर्नाटकाच्या शेवटच्या जोडीनें आणखी सहा धावा काढल्या असत्या, तर पंडित यांच्या शिस्तींत, परिश्रमांत किंवा ज्ञानांत तिळमात्र उणेपणा आला नसता; पण उतरंडींतील एक पायरी मात्र नाहींशी झाली असती. बाद पद्धतीच्या स्पर्धेंत एका दुपारचा खेळ वर्षाचा निकाल लावतो. म्हणून एकेका विजेतेपदावरून गुरूचें मोल ठरवणें म्हणजे एका पावसावरून शेतकऱ्याची पारख करणें होय. हा दुसरा दोष.

मग हें सारें दैवाचेंच खेळणें म्हणावें काय? तसेंही म्हणवत नाहीं. विदर्भानंतर पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. याच संघाचे कर्णधार असतां १९९९ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्याच वर्षीं, बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर ते अंतिम सामना हरले होते, आणि तोही पहिल्या डावांत ७५ धावांची आघाडी हातीं असतां. तेवीस वर्षांनंतर, जून २०२२ मध्यें, त्याच मैदानावर त्यांच्या शिष्यांनीं मुंबईला सहा गडी राखून हरविलें आणि मध्य प्रदेशास पहिला रणजी करंडक मिळाला. जुन्या प्रांताचे दोन्ही अर्धे भाग अशा रीतीनें एकाच गुरूच्या हातून विजयी झाले. एकदां घडतें त्यास योग म्हणावें. तीन संघांत सहादां घडतें तेव्हां त्यामागें विद्या आहे असेंच मानलें पाहिजे.

पण हे सहा करंडक सारख्या वजनाचे आहेत काय? २०१५-१६ चा विजय हा मुंबईचा एकेचाळिसावा होता. ज्या वाड्यांत चाळीस करंडक आधींच मांडलेले आहेत, तेथें एकेचाळिसावा आणणें अवघड खरें. परंतु ज्या घरीं कोनाडाच रिकामा, तेथें पहिला आणण्यासाठीं आधीं मुलांच्या मनांतील भय घालवावें लागतें. उतरंड रचणारा दोहोंस एकच गुण देतो. हा तिसरा दोष, आणि आमच्या मतें सर्वांत मोठा. उलट, तो पहिला करंडकही एकट्या पंडितांचा नव्हे. विदर्भ क्रिकेट संघटनेनें प्रबोधिनी उभारून वर्षानुवर्षें मुलें घडविलीं होतीं. वसीम जाफरसारखा मुरलेला फलंदाज आपलासा केला होता. मशागत झालेल्या जमिनींत पंडितांनीं योग्य वेळीं पेरणी केली, आणि कापणीपर्यंत राखण ढिली पडूं दिली नाहीं, असें म्हणणें न्यायाचें होईल.

याची खरी साक्ष पुढेंच मिळाली. पंडित गेल्यावर विदर्भ पुन्हां अंधारांत जाईल अशी भीति होती. २०२३-२४ सालीं संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचून मुंबईकडून हरला. आणि मार्च २०२५ मध्यें, जामठ्यालाच, केरळाविरुद्ध पहिल्या डावांत ३७ धावांची आघाडी घेऊन तिसऱ्यांदां विजेता झाला. या वेळीं प्रशिक्षक होते उस्मान गनी, पूर्वीं विदर्भाकडूनच खेळलेले घरचे गृहस्थ. कर्णधार होता अक्षय वाडकर, सात वर्षांपूर्वीं इंदुरास शतक ठोकणारा. हर्ष दुबे या तरुण फिरकी गोलंदाजानें त्या हंगामांत ६९ गडी बाद करून स्पर्धेचा उच्चांक केला. आणि समोर केरळाच्या संघांत कोण होता? तर आदित्य सरवटे! विदर्भानें घडविलेला खेळाडू आतां दुसऱ्याच्या उपयोगीं पडत होता. देणाऱ्याचा हात असा वर येतो.

तेव्हां गुरूची पायरी ठरवितांना करंडक अवश्य मोजावे, पण त्यांबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्या: त्यानें आरंभ कोठून केला, आणि तो निघून गेल्यावर मागें काय उरलें? २०२५ चा करंडक पंडितांच्या खात्यावर कोणी लिहिणार नाहीं, लिहूंही नये. तो गनींचा व वाडकरचा आहे. तरीपण पंडितांच्या कामाचा सर्वांत बळकट पुरावा आम्हांस त्यांतच दिसतो. आपल्यावांचून जिंकूं शकणारे शिष्य मागें ठेवणें, ही गुरूची शेवटची परीक्षा होय.

धान कापून झाल्यावर आमच्या जिल्ह्यांतील मोकळ्या बांध्यांतून मुलें फळीची बॅट घेऊन क्रिकेट खेळतात. त्यांस चेंडू सरळ कसा टाकावा हें दाखविणारा कोणी मास्तर, कोणी थोरला भाऊ तेथें असतो. त्याचें नांव कोणत्याही उतरंडींत येणार नाहीं. पण उतरंडीचें सर्वांत खालचें मडकें, ज्यावर वरचीं सारीं तोललेलीं असतात, तें त्याचेंच आहे.