भामरागडची रानऔषधे : अभ्यासकांचे स्वागत

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाभोवतीच्या, गडचिरोलीतल्या भामरागडच्या जंगलात माडिया गोंडांनी औषधांची जाण पिढ्यानपिढ्या तोंडी जपली आहे. जवळच्या हेमलकशात १९७३ मध्ये आरोग्यसेवा देणारा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून आजाऱ्याला आधार होता तो गावच्या पुजाऱ्याचा आणि घरातल्या जाणत्या बायकांचा. या विद्येच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत आहे.

सुरुवात कुड्यापासून करावी. मध्य भारतातल्या रानांत हगवणीवर पांढऱ्या कुड्याच्या सालीचा काढा देतात. आयुर्वेदातला कुटज तो हाच. आमांशाच्या जंतूंना मारक ठरलेले कोनेसीन हे द्रव्य याच सालीत सापडते. पण शेजारीच काळा कुडाही उभा असतो. दोघांची फुले पांढरी, दोघांच्या शेंगा जोडीने लोंबणाऱ्या. काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकींना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या असतात; पांढऱ्याचे बी कडूजहर लागते. जाणता माणूस झाड ओळखूनच सालीला हात लावतो. म्हणून नुसती झाडांची यादी करून भागत नाही. कोणता भाग, कोणत्या ऋतूत, किती आणि कोणाला द्यायचा, हे सारे टिपले तरच नोंद उपयोगी पडते.

प्राण्यांपासून मिळणाऱ्या औषधांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. झाडावर पाने जोडून घरटी करणाऱ्या लाल मुंग्यांची चटणी इथे आवडीने खातात, तीच तापातही देतात. तिचा गुण तपासून पाहावा. मात्र मलेरियात किंवा सर्पदंशात रोग्याला दवाखान्यात न्यायला क्षणाचाही उशीर करू नये. संरक्षित वन्यजीवांचे नमुने तर गोळा करूच नयेत.

या ज्ञानाला मालक आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मान्य केला आहे. तेव्हा आधी ग्रामसभेची संमती घ्यावी, आणि लिहिलेले गावात वाचून दाखवावे. डॉ. राणी बंग यांच्या ‘गोईण’ या पुस्तकाने गडचिरोलीच्या बायकांचे झाडांशी असलेले नाते मराठीत आणले, तिथून पुढे जाण्यासारखे खूप आहे. वनस्पतिशास्त्र, औषधशास्त्र, भाषाशास्त्र या सगळ्यांनाच इथे काम आहे. सर्वांत मोठी आशा आहे ती शिकून पुढे आलेल्या माडिया मुलामुलींकडून: आजीला तिच्याच भाषेत प्रश्न विचारता येणारे अभ्यासक तेच आहेत.