तुपावर आलेला आळ

दोन वर्षांमागे दिवाळीत आमच्या घरी कढईत तूप पडले नाही. थोरली बहीण अक्का चिखलीहून माहेरपणाला आली होती आणि रक्तात कोलेस्टेरॉल वाढल्याचा कागद तिच्या पिशवीत होता. बिचारी वर्षभर कोरडी भाकरी खात होती. तरी आकडा हलत नव्हता. थंडी अजून पडायची होती, तरी ती शाल पांघरून बसे. केर काढता काढता मध्येच टेके. आम्ही घरची शहाणी माणसे म्हणालो, "वय झाले, अंगात आळस भरला." पुढे बुलढाण्याच्या एका डॉक्टरांनी गळ्यातील थायरॉइड ग्रंथी तपासायला सांगितली, तेव्हा उलगडा झाला. ग्रंथी थोडी मंदावली होती.

तेव्हापासून मी या ग्रंथीच्या इतिहासाच्या मागे लागलो. गळ्याची सूज आपल्याकडे नवी नाही; सुश्रुताने गलगंड वर्णिला आहे. पण सूज डोळ्यांना दिसते, मंदपणा दिसत नाही. लंडनच्या विल्यम गल यांनी 1873 साली काही स्त्रियांची हकिगत मांडली: सुजकट चेहरा, जड जीभ, संथ झालेले मन. 1891 मध्ये जॉर्ज मरे यांनी अशाच एका 46 वर्षांच्या बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती बाई पुढे 28 वर्षे जगली! 1914 च्या नाताळात अमेरिकेत केंडॉल यांनी ग्रंथीतील थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे काढले.

कोलेस्टेरॉलचा धागा 1922 मध्ये हाती लागला. एपस्टाइन व लांडे यांना दिसले की शरीराचा व्यापार मंदावला की रक्तातील कोलेस्टेरॉल चढते. त्या काळी थायरॉइड मोजायचे धड साधन नव्हते, म्हणून डॉक्टर कोलेस्टेरॉल पाहून ग्रंथीचा अंदाज बांधीत. आज कोलेस्टेरॉलचा कागद घेऊन आपण थेट तुपाच्या डब्यावर धाड घालतो.

खरे कारण पुष्कळ उशिरा कळले. यकृताच्या पेशींवर कोलेस्टेरॉल रक्तातून आत ओढून घेणारी जणू दारे असतात. त्यांच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही दारे पुरेशी ठेवण्याचे काम थायरॉइडचे. कापसाच्या हंगामात खामगावच्या बाजाराचे एकच फाटक उघडे राहिले, तर गाड्यांची रांग रस्त्यावर तुंबणारच. त्यात गाडीवानाचा काय दोष? शिवाय बरेचसे कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच तयार करते.

अक्काने भाबडेपणाने विचारले, "मीठ बदलू का रे?" प्रश्न अगदीच वेडा नव्हता. कांगडा खोऱ्यात 1956 पासून रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी आयोडीनचे मीठ देऊन गलगंड कमी करून दाखवला. पण अक्का ते मीठ कधीचीच खाते; शरीरानेच आपल्या ग्रंथीवर उठणे, हा तिचा रोग निराळा. जपानच्या हाशिमोटो यांनी तो 1912 मध्ये वर्णिला.

मात्र सौम्य मंदपणात कोलेस्टेरॉल दरवेळी वाढतेच असे नाही, आणि वाढले तरी थोडेच. टीएसएच दहाच्या वर असेल तर डॉक्टर बहुधा गोळी देतात. खाली असेल तर त्यांच्यातच मतभेद आहेत, विशेषतः म्हातारपणी. अक्काचा आकडा चौदा होता. सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली. काही महिन्यांनी कोलेस्टेरॉल उतरले, आणि शालही.

यंदा अनारसे तुपात तळले. अक्काने डॉक्टरांना विचारून दोन घेतले आणि तिसरा माझ्या ताटात टाकीत म्हणाली, "घे, आळशी बहिणीकडून."